दिवस कुठून मोजायचे?

शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या वाटेवर माझं खतं-औषधांचं दुकान आहे. मे संपत आला की इकडं धूळवाफेवर भात पेरतात. कोरड्या मातीत कुरी चालवायची आणि आभाळाकडं बघत बसायचं.

गेल्या हंगामात आप्पा आले. वीस गुंठे रान, इंद्रायणी जातीचं भात, पेर 28 मेची. दुकानात गर्दी होती. पेंडिमिथॅलिन, म्हणजे तण उगवायच्या आधी मारायचं तणनाशक, काउंटरवर ठेवलं, साडेसहाशे मिली लागेल म्हटलं आणि सवयीनं बोलून गेलो, "पेरल्यावर तीन दिवसांच्या आत मारा." आप्पा शब्दाचे पक्के. 30 तारखेला धुळीवर मारून मोकळे झाले. पाऊस आला 9 जूनला.

जून संपताना त्यांच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. भात आणि बार्डी, म्हणजे भातासारखंच दिसणारं तण, एकाच उंचीची, एकाच रंगाची. पानाच्या बेचक्यात भाताला जीभ असते, बार्डीला नसते, हे मी कॉलेजात शिकलो. काकू बांधावरूनच बोट दाखवत होत्या, हे भात, हे तण. एकदाही चुकल्या नाहीत.

पण त्या रानात एक पट्टा होता. बोअरचा पाइप गळत होता, त्याच्या कडेनं चार-पाच हात रुंद. तिथलं भात वीतभर पुढं आणि तण जवळजवळ नाहीच. लव्हाळा तेवढा होता, पण त्याला हे औषध लागू पडतच नाही. फवारताना तिथं ओल होती, म्हणून औषधानं मातीत थर धरला. बाकी रानात ते दहा दिवस उन्हात धुळीवर पडून वाया गेलं. वाफेवरच्या भाताचे दिवस पेरीपासून नाही, भिजपावसापासून मोजायचे. मला हे माहीत होतं. बोललो नव्हतो.

आप्पा हसले. "रानभर गळका पाइप टाकायला पाहिजे होता की!"

मग बिसपायरीबॅक दिलं, उगवलेल्या तणावर मारायचं औषध. तण दोन ते चार पानांवर असताना ते खरं काम करतं, आणि फवारल्यावर निदान सहा तास उघडीप लागते. आमच्याकडं त्या दिवसांत सहा तास? उघडीप मिळाली तेव्हा बार्डी फुटव्यावर आली होती. त्यात लोक विचारतात, "पंपाला किती झाकणं?" अरे, एकराला 100 मिली, पाणी 120 लिटर, म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला 13 मिलीच्या आसपास, झाकण कुठल्या बाटलीचं, त्यावर हिशेब कसा करू? कीटकनाशकाच्याच गोल नोझलनं तणनाशक मारतात. पट्टा मारणारं नोझल फुकट दिलं तरी पिशवीतच राहतं.

पाचव्या दिवशी आप्पांचा फोन, औषध बोगस आहे. हे औषध झटक्यात जाळत नाही. तण आधी पिवळं पडतं, मरायला दोन-तीन आठवडे घेतं. कोवळं तण मेलंही. थोराड उरलं, ते सात बायकांनी चार दिवस भांगललं. ती मजुरी औषधाच्या कितीतरी पट झाली. आप्पांनी मला ती सांगितली नाही, काकूंनी सांगितली.

यंदा मेमध्ये आप्पा परत दारात. "आता सांगा, कधी?"

"भिजपाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मोड वर यायच्या आत."

"आणि तो पाऊस उघडलाच नाही तर?"

बाटली पिशवीत घालून दिली. बिल पाऊस पडल्यावर करू म्हणालो.