तुम्ही विचारलंत म्हणून : कंपवाताची सुरुवात पोटात होते का?

माझ्या बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होता हे कळलं, की हल्ली लोक हमखास विचारतात, "हा आजार म्हणे पोटातल्या जिवाणूंमुळे होतो. खरं का?" विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणाचा तरी हात नुकताच थरथरायला लागलेला असतो. या प्रश्नाआड आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र तोंडावर येत नाही : खाण्यापिण्यात आमचंच काही चुकलं का?

त्याचं उत्तर आधी देते. नाही. वय, जनुकं, कीटकनाशकांसारखी काही रसायनं असं बरंच काही या आजाराच्या मुळाशी असतं. अमुक खाल्लं म्हणून झाला, असं कुणाही एका माणसाबाबत सांगता येत नाही. ही टोचणी मी दोन वर्षं मनात बाळगली. तुम्ही बाळगू नका.

आता पोटाचं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागायच्या आधी दहा-बारा वर्षं त्यांचं पोट साफ होत नसे. सकाळी अर्धा-अर्धा तास आत बसून यायचे आणि चेहऱ्यावरूनच कळायचं, आजही नाही. आम्ही म्हणायचो, वय झालं, पाणी कमी पिता, चालत नाही. पुढे वासही येईनासा झाला. काही करपलं तरी त्यांना पत्ता नसायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. हाताचा कंप दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हात बघून झाल्यावर विचारलं, "पोट कसं आहे? कधीपासून?"

खरं तर ही खूण जुनीच आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातच रुग्णांची आतडी मंदावलेली असतात असं नोंदवलं आहे. अमेरिकेतल्या होनोलुलूमध्ये हजारो पुरुषांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नसे, त्यांना पुढे पार्किन्सन्स होण्याचा धोका रोज एकदा जाणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त निघाला. म्हणून बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाने धसका घ्यायचा नाही. त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत आल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. तशाच गाठी आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंतही सापडतात. जर्मनीच्या हायको ब्राक या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलं, की बिघाड आधी पोटात किंवा नाकाकडच्या मज्जातंतूंत सुरू होत असावा आणि पोटातला व्हेगस या लांबलचक नसेतून वर मेंदूत चढत असावा. पूर्वी अल्सरसाठी ही नस कापायची शस्त्रक्रिया करत. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची पूर्ण नस कापली गेली त्या मंडळींत हा आजार काहीसा कमी दिसला. सगळ्यांच्या बाबतीत मात्र वाट हीच असते असं नाही. काहींचा आजार मेंदूतच सुरू होतो, असं आता बरेच संशोधक मानतात. बाबांचा पोटातून चढला असावा, असं माझं मन सांगतं. ते सिद्ध करता येणार नाही.

मग जिवाणू कुठे आले? मला सगळ्यात हलवून गेलेला प्रयोग २०१६ चा, कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या विद्यापीठाचा. आल्फा-सायन्युक्लीन जास्त तयार करणारे उंदीर घेतले. त्यातले काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले. त्यांच्या हालचाली बऱ्याच चांगल्या राहिल्या. मग अशा उंदरांच्या पोटात माणसांचे जिवाणू सोडले. ज्यांना पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मिळाले, ते निरोगी माणसांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा जास्त अडखळू लागले. पण हे उंदीर मुळातच त्या प्रथिनाचा भार घेऊन जन्मलेले होते. जिवाणूंनी आजार शून्यातून आणला नाही, असलेली प्रवृत्ती वाढवली. रुग्णांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात हेही खरं, पण आतडी मंदावली आणि औषधं सुरू झाली, की तेही बदलतात. आधी काय आणि नंतर काय, ते सोडवणं सोपं नाही.

एक गोष्ट मात्र घरात रोज दिसते : गोळी. या आजारात मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं. ते भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी लहान आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जाते, आणि तिथे तिचं डोपामिन होतं. एन्टेरोकोकस फेकॅलिस नावाचा जिवाणू तिचं आतड्यातच डोपामिन करून टाकतो, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. आणि डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. शिवाय पोट मंद असेल तर गोळी आतड्यात पोचायलाच उशीर होतो. बाबांच्या बाबतीत यातलं नेमकं काय होत होतं, कुणी तपासलं नाही. मी बघायचे ते एवढंच : पोट साफ झालेल्या दिवशी गोळीनंतर पाऊण तासात ते शर्टाचं वरचं बटण स्वतः लावत. तीन दिवस तुंबलेलं असलं, की बोटं दीड तास त्या काजाशी झटत राहायची.

तेव्हा, प्रोबायोटिकने, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू घेऊन, आजार बरा होतो का? नाही. काही चाचण्यांत त्याने बद्धकोष्ठता कमी झाली, आणि तेवढंही या आजारात मोलाचं आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये आले. बेल्जियममध्ये हालचालींत थोडी सुधारणा दिसली, फिनलंडमध्ये फायदा दिसला नाही. असल्या आशेवर चालू गोळ्या कृपा करून बंद करू नका.

त्यापेक्षा एक साधी वही करा. मी दोन रकाने आखले होते. एकात पोट साफ झालं की नाही, दुसऱ्यात गोळी किती वाजता दिली आणि बटण किती वाजता लागलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती वही मिनिटभर पाहिली आणि कंपाच्या गोळीचा डोस न वाढवता आधी पोटाचं औषध लिहून दिलं.