जोडे शिवणाऱ्याने प्रवचन का करू नये?

गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले. परिटाच्या घरी जन्मलेल्या या माणसाने हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून खडसवावे, यात इथल्या शेतकऱ्याला कधी वावगे वाटले नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्रे पाहताना मी अस्वस्थ होतो तो यामुळेच, कारण तिथे कष्टकरी माणसाचे धर्मावर बोलणे हाच हसण्याचा विषय झालेला दिसतो.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराचे १७६२ सालचे 'भाबडेपणा, अंधश्रद्धा आणि धर्मवेड' हे चित्र नीट पाहावे. व्यासपीठावरील प्रवचनकाराच्या झग्याआड विदूषकाचा रंगीबेरंगी वेष आहे आणि त्याच्या हातांत चेटकिणीची व सैतानाची बाहुली लोंबते आहे. खाली सशांना जन्म दिल्याची बतावणी करणारी मेरी टॉफ्ट पडली आहे, शेजारी बूटपॉलिश करणारा पोरगा तोंडातून खिळे ओकतो आहे, आणि उजवीकडच्या तापमापकावर भक्तांच्या उन्मादाचा पारा मोजला जातो आहे. बुवाबाजीवरचा हा प्रहार मला मान्य आहे. गाडगेबाबांनीही नवससायासांवर असेच कोरडे ओढले होते. पण भुताने झपाटलेला म्हणून बूट पुसणारा पोरगाच का निवडावा?

त्याचे कारण त्या काळात सापडते. १७३९ साली मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जॉन वेस्ली इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथे कोळसा खाणीतील मजुरांपुढे उघड्या माळावर बोलू लागले, आणि पुढे वेस्लींनी पाद्रीपणाची दीक्षा न घेतलेल्या माणसांनाही प्रवचनाची मुभा दिली. त्यांत जॉन नेल्सन हा गवंडी होता. व्हाइटफील्ड स्वतः खाणावळवाल्याचा मुलगा; त्याच्या तिरळ्या डोळ्याचीसुद्धा टिंगल झाली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आणि कधी कधी हाताने रंगवलेली अशी चित्रे लंडनच्या दुकानांच्या काचांमागे टांगली जात, त्यामुळे विकत न घेणाऱ्यालाही ती रस्त्यावरून पाहता येत.

आपल्याकडेही चोखोबांना देवळाबाहेरच ठेवले गेले, हे विसरून चालणार नाही. तरीही सावता माळ्याचा मळा, सेना न्हाव्याचा वस्तरा आणि गोरोबांचे चाक अभंगांत आणि संतकथांत मानाने आले. धंदा हा तिथे भक्तीचा आधार झाला, थट्टेचा नव्हे.

या हेटाळणीची झळ आपल्या भाषेजवळही येऊन गेली आहे. विल्यम केरी हा नॉर्थॅम्प्टनशरचा जोडे शिवणारा १७९३ साली मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला, आणि पुढे सिडनी स्मिथ या इंग्रज पाद्र्याने अशा मिशनऱ्यांची मोची म्हणूनच खिल्ली उडवली. त्याच केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश सेरामपूरहून छापून काढला, आणि तिथल्याच छापखान्यातून आमच्या नागपूरकर भोसल्यांची वंशावळही मराठीत निघाली.