दयासनाचं माप

रविवार, रात्रीचे साडेअकरा. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा रविवार.

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. पंखा पाचवर आहे तरी खोली तापलेलीच. मार्चमध्येच ही तऱ्हा.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर कमिटी बसली. विषय एकच. हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक भोपळे, तांदूळ, कोंबड्या आणतात, त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून मंडळीतल्या पाच विधवांना दरमहा थोडं थोडं जातं. दोन वर्षांपूर्वीच्या लिलावातले 18,000 रुपये मंडळीतल्या ज्या माणसाने घरी वापरून टाकले, तो आज दाराशी उभा होता. हल्ली ऑटो चालवतो. रुमालात बांधलेले पैसे पुढे करत म्हणाला, "मोजून घ्या ना ताई." मोजले. 11,000. पन्नास-शंभराच्या नोटा, घामाने ओलसर. मी पावती फाडली. ती त्याने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मग हळूच विचारलं, "ईस्टरला प्रभुभोजन घेऊ द्याल का?"

मी म्हटलं, उरलेले 7,000 आधी, मग भाकर आणि द्राक्षरसाचं ते भोजन. कुणी विरोध केला नाही. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "ताई, आज रात्री लूकचा 19वा अध्याय वाचा."

बायबल काढून वाचला. जक्कय जकातदार. लहानपणापासून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका माणूसच डोक्यात होता. आज क्रम पाहिला. येशू आधी म्हणतो, मला तुझ्या घरी उतरायचंय. हिशेब नंतर, आणि तोही जक्कय स्वतःहून मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेल्याची भरपाई मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, एवढीच आहे. चौपट तर चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराची. म्हणजे कुणी मागितलं नसताना त्याने आपल्यावर जड कलम लावून घेतलं. वीस वर्षं मंडळीचे हिशेब लिहितेय, हे कधी दिसलं नव्हतं.

तरी मन पूर्ण मानेना. माझ्या बाजूनेही वचन आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. हेही येशूनेच सांगितलंय. आणि "देवाने माफ केलं, सोडून द्या" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पैसे त्यांचे नव्हतेच. त्या पाच जणींतली एक त्या वर्षी बीपीच्या गोळ्या अर्ध्या करून खात होती. तिचं नुकसान माफ करायला मी कोण? भरपाईचा नियम तिच्यासाठी आहे, तिच्या बाजूने उभं राहायला दुसरं काहीच नव्हतं.

एरवी आम्ही जुळवून घेतलंच आहे. याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. माझा पहिला, आमच्या ह्यांचा दुसरा. केवढी मोठी गोष्ट. पण त्यात कुणाच्या गोळ्या बुडत नव्हत्या.

मग बायबलमधला निर्गमाचा 25वा अध्याय उघडला, का ते सांगता येणार नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवायची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद. आत आज्ञांच्या दगडी पाट्या. त्यावर झाकण म्हणून शुद्ध सोन्याचं दयासन, अडीच हात लांब, दीड हात रुंद. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. उठले, आईच्या सागवानी पेटीवर माझाच हात ठेवून मोजलं. पेटी दोन हातांनाच संपली. पावसाळ्यात तिचं झाकण फुगतं, एका कोपऱ्यात फट राहते आणि तिथून झुरळं शिरतात. दयासनाला फट नाही. जेवढा कोश तेवढंच ते. पाट्या आतच आहेत, कुणी काढून फेकल्या नाहीत. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक रक्त शिंपडायचा ते या झाकणावर, आणि देव म्हणतो, मी तुला इथूनच भेटेन. पौलाने रोमकरांना लिहिताना येशूसाठी जो ग्रीक शब्द वापरला, तोच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या दयासनासाठी आहे. हे वाचून मी बराच वेळ तशीच पेटीवर बसून राहिले.

सकाळी पाळकसाहेबांना फोन करणार. ईस्टरला त्याला येऊ द्या. 7,000 वहीत येणे म्हणून राहतील, शेवटचा रुपया येईपर्यंत, आणि दर वेळी पावती मीच फाडीन.

एक मात्र आता लिहिताना लक्षात आलं. एवढी चर्चा झाली, त्या पाच जणींना आम्ही कुणीच विचारलं नाही. उद्या शाळा सुटल्यावर आधी तिच्याकडे जाईन, गोळ्या अर्ध्या करणारीकडे. सदरच्या बाजारात मृगाची संत्री आलीत, किलोभर घेईन. 11,000 आलेत हे तिला माझ्या तोंडून कळू दे, आणि तो ईस्टरला तिच्या शेजारी गुडघे टेकणार आहे, हेही.