‘ओके’चे मूळ

आज जुने शब्दकोश चाळताना ‘ओके’ या शब्दापाशी मी बराच वेळ रेंगाळले. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect) असे अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची टूम बोस्टनच्या वृत्तपत्रांत निघाली होती आणि तिच्यातूनच २३ मार्च १८३९ रोजी हा शब्द ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आला. तशी बहुतेक लघुरूपे विरून गेली. हे मात्र तगले, कारण १८४० च्या अमेरिकी निवडणुकीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाची आद्याक्षरेही नेमकी तीच होती. जुन्या वृत्तपत्रांची पाने धुंडाळून याचा छडा अमेरिकी भाषाभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी लावला, आणि त्यांच्या चिकाटीचे मला मनापासून कौतुक वाटते. संमती, निरोप पोचल्याची खूण, पडलेल्या मुलाची ‘ओके ना?’ अशी विचारपूस, नाटकाविषयी ‘ओके होते’ असा बेताचा शेरा, हे सारे अर्थ केवळ स्वरावरून वेगळे कळतात.