टाउनशिपचा नकार आणि ३०० फूट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आमच्या टाउनशिपमध्ये (इथली ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था) सध्या घरोघरच्या हिरवळीवर ‘इंडस्ट्रियल सोलर नको’ अशा पाट्या आहेत. त्या लावणारे बहुतेक माझ्यासारखेच, एक-दोन एकरांत घर बांधून राहणारे, शेतीशी संबंध फक्त खिडकीतून. ज्यांच्या मक्याकडे बघत आम्ही चहा पितो ते शेतकरी सत्तरीचे आहेत. त्यांची मुलं शेतीत नाहीत, आणि या शेतकऱ्यांना जमीन सोलर कंपनीला भाड्याने द्यायची आहे. सभेत बोलतो आम्ही. ते टोपी मांडीवर ठेवून मागे बसतात.

पूर्वी विषय इथेच मिटायचा. झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय उभारायचं याचे नियम, टाउनशिपच्या हातात. स्थगिती लावायची, नाहीतर अंतराची अट इतकी वाढवायची की पॅनेलला जागाच उरू नये. बंदी म्हणायचं नाही, एवढंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी सही केलेल्या पब्लिक ॲक्ट २३३ या कायद्यामुळे हे थांबलं. २९ नोव्हेंबर २०२४ पासून ५० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या सौर प्रकल्पाला राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनकडून, म्हणजे वीज नियामक आयोगाकडून, परवानगी मागता येते.

आकडे कायद्यातच आहेत: प्रकल्पात नसलेल्या शेजाऱ्याच्या घरापासून ३०० फूट, त्याच्या हद्दीपासून ५०, पॅनेलची उंची जास्तीत जास्त २५ फूट, घराच्या भिंतीशी आवाज तासाच्या सरासरीने ५५ डेसिबल. वीतभर बांधासाठी कोर्टात गेलेले भाऊबंद मी लहानपणी पाहिलेत, त्यामुळे आकडा लिहिलेला असणं मला बरंच वाटतं. ३०० फुटांवरून पॅनेल दिसतील, हे खरं. पण दुसऱ्याच्या जमिनीवर काय दिसावं हे ठरवायला आपण तिचा कर भरतो का?

मला खटकतं ते पुढचं कलम. टाउनशिपला स्वतःचा नियम ठेवता येतो, फक्त तो राज्याच्या अटींपेक्षा कडक नको. मग कंपनीने आधी टाउनशिपकडे यायचं, आणि टाउनशिपने १२० दिवसांत निर्णय द्यायचा. पण अटीत बसणारा प्रकल्प नाकारला आणि कमिशनने तो नंतर मंजूर केला, तर टाउनशिपचा नियम यापुढे राज्याच्या अटींशी ‘सुसंगत’ धरला जात नाही, आणि कंपनीने आधी टाउनशिपकडे यायचं बंधन उरत नाही. म्हणजे हक्क आहे, पण होकार देण्यापुरता. स्थानिक संस्थांना कमिशनने कायद्याचा लावलेला अर्थही जाचक वाटला, आणि सत्तरहून अधिक टाउनशिप आणि काउंट्या अपिलात गेल्या.

कोर्टाची वाट बघत पाट्या रंगवत बसावं, असं आमच्या बोर्डातल्या काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. कमिशनला निर्णयासाठी वर्षभर मुदत आहे, आणि कंपनीला वेळ म्हणजे पैसा. तेव्हा टाउनशिपने आत्ताच बोलणी करावी. राज्याच्या वाटेने गेलं तर कंपनीला मेगावॅटमागे २,००० डॉलर एकदाच द्यावे लागतात. १०० मेगावॅटचे दोन लाख. त्यापेक्षा घरांच्या बाजूने देवदारांची दाट रांग, शेताखालच्या पाण्याच्या निचऱ्याच्या फुटलेल्या नळ्यांची दुरुस्ती आणि प्रकल्प संपल्यावर पॅनेल उचलण्याची आगाऊ हमी, हे समोरासमोर बसून मागता येईल. निचऱ्याचं तर आधी. नळी एका शेतात फुटते आणि पाणी साचतं दुसऱ्याच्या, आणि त्या दुसऱ्याने कंपनीशी काहीच करार केलेला नसतो.