कमरेला रुमाल

टीम लीड झाले तेव्हा वाटलं, आता आपण सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं. चार महिन्यांत तिघांनी माझ्याशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय मला लहानपणापासून माहीत. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकोच म्हणतो. यंदा मात्र वेगळंच टोचलं: तिथे यहूदाही बसला होता, येशूला पुढे धरून देणारा शिष्य. त्याचेही पाय धुतले.

माझा यहूदा (अन्यायच हा, बिचारा नुसता तिरकस बोलतो) शुक्रवारी रिपोर्टमध्ये अडकला होता. मी शेजारी खुर्ची ओढली, दीड तास आकडे जुळवले. मेल त्याच्याच नावाने गेला. ‘थँक्स’ काही आलं नाही. आणि मला ते लागलं, म्हणजे हिशोब अजून चालूच आहे माझा.