सेंट बेनच्या पंगतीत

विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात माझं विद्यापीठ. लिहिताना मार्क्वेट, पण तिथले लोक म्हणतात 'मार्केट'. आजीला फोनवर सांगितलं, मी मार्केटमध्ये शिकायला चाललोय, तर ती म्हणाली, "दादरच्या?" वसईची भाजी, केळी आणि फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात. तिने अर्धं आयुष्य त्या गाडीत काढलंय, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं.

हे विद्यापीठ येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांचं. 1881 साली सुरू झालं. नाव पडलं सतराव्या शतकातल्या जाक मार्क्वेट या फ्रेंच जेझुइटावरून. मी 2016च्या ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी गेलो तेव्हा कॅथलिक विद्यापीठ म्हणून ते निवडलं नव्हतं. प्रवेश मिळाला, थोडी फी माफी मिळाली, एवढंच. आईला मात्र खूप बरं वाटलं होतं. पोरगा मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवणार नाही, हा तिचा हिशेब.

पहिलं सत्र नुसतं थंडी आणि असाइनमेंटमध्ये गेलं. रविवारी गेसू चर्चमध्ये जायचो, मागच्या बाकावर बसून यायचो. आमच्या घरी बोलणं कादोडीत, म्हणजे आमच्या वसईकडच्या बोलीत, मिस्सा मराठीत. इंग्रजीतली प्रार्थना मला तोंडपाठ होती, पण परीक्षेतल्या उत्तरासारखी. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना जे होतं ते तिथे होत नव्हतं. डिसेंबरात कॅम्पस मिनिस्ट्रीच्या, म्हणजे विद्यापीठातलं धार्मिक काम पाहणाऱ्या विभागाच्या, टेबलावर 'मिडनाइट रन'चं पत्रक दिसलं आणि मी नाव दिलं. खरं कारण सांगतो: बायोडेटात लिहायला काहीतरी हवं होतं.

मिडनाइट रन म्हणजे विद्यार्थ्यांचे गट दर आठवड्याला शहरातल्या जेवणघरांत आणि निवाऱ्यांत जाऊन काम करतात. नाव मध्यरात्रीचं, पण आमचा गट संध्याकाळी जायचा. ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी प्रक्रिया सांगतो. ती अवघड नाही, फक्त वेळ खाते. आधी ऑनलाइन फॉर्म. मग एक बैठक, तिथे कुठलं ठिकाण आणि कुठला वार ते ठरतं. एकदा वार घेतला की सत्रभर तोच. 'जमेल तेव्हा येईन' चालत नाही, कारण जेवायला येणारी माणसं जमेल तेव्हा येत नसतात. मग ओरिएंटेशन. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक करावं, आपल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारून घ्यावं. ज्या कामाचा कोणालाच पगार मिळत नाही, असं धर्मादाय काम फुकट करायला हरकत नसते. पण जिथे एरवी पगारी माणूस ठेवतात तिथे 'मी फुकट करतो' म्हणून उभं राहणं महागात पडू शकतं. मी ईमेलवर उत्तर मागून जपून ठेवलं. व्हिसाच्या बाबतीत आपण सगळेच भित्रे, आणि ते बरंच आहे.

ओरिएंटेशनमध्ये तीन गोष्टी बजावून सांगितल्या. जेवायला येणाऱ्यांना 'होमलेस' म्हणायचं नाही, 'गेस्ट' म्हणायचं. आपला फोन नंबर द्यायचा नाही. आणि पैसे द्यायचे नाहीत, कितीही वाईट वाटलं तरी. वहीत मी तिन्ही उतरवून घेतलं.

मला बुधवार मिळाला, ठिकाण सेंट बेन. सेंट बेनेडिक्ट द मूर या चर्चच्या आवारात कपुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे फादर संध्याकाळचं जेवण चालवतात. विद्यापीठापासून चालत दहा-पंधरा मिनिटं, शेजारी कौंटीचा तुरुंग. अन्न बहुतेक वेळा बाहेरून येतं. वेगवेगळ्या चर्चची आणि इतर संस्थांची माणसं वार वाटून घेऊन शिजवून आणतात. आमच्या गटात बहुतेक पदवीची पोरं, मी वयाने सगळ्यात मोठा आणि कामात सगळ्यात कच्चा.

पहिल्याच बुधवारी मला मॅश केलेल्या बटाट्यावर उभं केलं. हातात डाव आला आणि माझ्यातला वसईकर जागा झाला. आमच्याकडे लग्नात वाढपी नको म्हणालेल्याच्या पानात जास्त घालतो. मीही तेच सुरू केलं. कोणी "बस" म्हणालं की अजून एक डाव. लोक हसत होते, मी खुशीत. अर्ध्या तासात ट्रेचा तळ दिसायला लागला आणि रांग दारापर्यंत होती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी माझा डाव काढून घेतला, लहान चमचा दिला आणि रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी शेवटच्या वीसेक जणांना बटाट्याऐवजी जास्तीचा ब्रेड मिळाला. त्यातल्या एकाने मला "थँक यू" म्हटलं, ते अजून टोचतं.

परतल्यावर रिफ्लेक्शन असायचं. मिडनाइट रनचा हा भाग मला सगळ्यात नकोसा. गोल खुर्च्या, मध्ये मेणबत्ती, आणि प्रश्न: आज तुला देव कुठे दिसला? अमेरिकन पोरं धडाधड बोलायची, काही तर रडायचीही. त्यांच्यातली काही कुठलाच धर्म न मानणारी. आणि मी, बारा वर्षं रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात बसलेला, वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियाच्या गावचा माणूस, "गरिबांच्या चेहऱ्यात" असं पुस्तकी उत्तर देऊन मोकळा व्हायचो. आमचा गटप्रमुख, वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, एकदा म्हणाला, "कोणाच्या चेहऱ्यात? नाव काय त्याचं?" मला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

जेझुइटांचं हे खास आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियसने दिवसाचा मागोवा घ्यायची रीत घालून दिली, तिला एक्झामेन म्हणतात. दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा, कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुठे चुकलो, उद्या काय, असं क्रमाने पाहायचं. नुसती सेवा करून घरी जाऊन झोपणं त्यांना पुरत नाही. पेद्रो आरुपे हे जेझुइटांचे प्रमुख होते. 1945मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते शहराच्या कडेला होते आणि आपल्या मठाचं त्यांनी इस्पितळ केलं होतं. 1973 साली स्पेनमधल्या वॅलेन्सियात आपल्याच माजी विद्यार्थ्यांसमोर ते म्हणाले की आमच्या शिक्षणाने 'दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं' घडवायला हवीत, आणि आजवर आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, तर नाही. समोर बसलेल्या बड्या घरच्या मंडळींना ते झोंबलं. मिडनाइट रनसारखे उपक्रम त्याच विचाराच्या वाटेवरचे. हे मी नंतर वाचलं. तेव्हा वाटायचं, उगाच पाऊण तास घालवतात.

कॅम्पसवर एक जुनं चॅपल आहे, सेंट जोन ऑफ आर्कच्या नावाचं. पंधराव्या शतकातलं, मूळ फ्रान्समधल्या शास गावचं. एका धनिक बाईने 1927मध्ये त्याचे दगड न्यूयॉर्कजवळ आणून उभे केले, पुढे ते विद्यापीठाला दान मिळालं आणि 1966पासून इथे आहे. आत एक दगड आहे. जोनने त्याला चुंबलं होतं आणि तेव्हापासून तो आजूबाजूच्या दगडांपेक्षा गार असतो, अशी आख्यायिका. नाशिकच्या रूममेटला हौसेने दाखवायला नेलं. त्याने दोन्ही दगडांना हात लावला आणि म्हणाला, "मिलवॉकीत फेब्रुवारीत सगळेच गार आहेत रे." पण पुढे तोच अभ्यासाचा कंटाळा आला की तिथे जाऊन बसायचा. मी रिफ्लेक्शनचा प्रश्न तिथे नेऊन मराठीत सोडवायला लागलो. मराठीत खोटं उत्तर द्यायला जड जातं.

सेंट बेनमध्ये वाढून झालं की आम्हालाही ताट घेऊन गेस्टबरोबर बसायला सांगायचे. मी टाळायचो. कधी ट्रे धू, कधी टेबल पूस. वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं, हे कारण स्वतःला द्यायचो. खरं कारण, बोलायचं काय? 1 मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाचा पहिला दिवस, आला. कपाळावर राख लावूनच गेलो, आणि पाहतो तर रांगेतल्या कितीतरी कपाळांवर राख. साठीच्या पुढचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ, दर आठवड्याला लोकरीची तीच हिरवी टोपी, त्यांनी समोरची खुर्ची पायाने सरकवली. "बस."

मी म्हटलं, "माझा आज उपास आहे."

ते हसले. "माझाही सकाळपासून तोच चाललाय. ठरवलेला नव्हता, एवढंच."

बसलो. राखेच्या बुधवारी एक वेळचं जेवण चालतं, हे त्यांनाच जास्त चांगलं माहीत होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्या रात्री रिफ्लेक्शनमध्ये सांगितलं. ते लहानपणापासून मिलवॉकीचे. 1967मध्ये फादर जेम्स ग्रॉपी यांच्याबरोबर कृष्णवर्णीय तरुण सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून दक्षिणेकडे निघाले होते, घर कुठेही घेता यावं म्हणून. पलीकडे दगड-बाटल्या घेतलेला गोरा जमाव. असे ते 200 रात्री चालत राहिले. हे गृहस्थ तेव्हा शाळकरी, थोरल्या भावाबरोबर गेलेले. त्या पुलाला आज ग्रॉपींचं नाव आहे आणि मी किराणा आणायला त्यावरून बसने जायचो. मी त्यांना वसईचं सांगितलं. त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते हे, की आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या परसातल्या माडाच्या असतात. पुढच्या बुधवारी आईने दिलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, नेली. त्यांनी एक खाल्लं आणि उरलेली टोपीत ठेवली.

मग मी माती खाल्ली. स्प्रिंग ब्रेकच्या आदल्या बुधवारी ते म्हणाले, बसचा पास संपलाय, दवाखान्यात जायचंय. माझ्याकडे मागितले नव्हते, नुसतं सांगितलं. मी बाहेर पडताना त्यांच्या हातात दहा डॉलर कोंबले. वहीतला तिसरा नियम मला पाठ होता. त्यांनी माझ्याकडे न बघता ते खिशात घातले.

सुट्टीनंतरच्या बुधवारी ते आले, पण दुसऱ्या टेबलावर पाठमोरे बसले. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. मी पाणी द्यायला गेलो तर "थँक यू, सर" म्हणाले. सर! गटप्रमुखाला सगळं सांगितलं. रागावला नाही. म्हणाला, नियम पैसे वाचवायला नाही केलेला.

रात्री आईला फोन केला. आजीने मधेच फोन घेतला. तिला गोष्ट अर्धीच कळली असावी, कारण ती एकदम शेजारच्या मावशींवर घसरली. मावशी आता पूर्वीसारख्या येत नाहीत, का, तर गेल्या नाताळात आपण दिलेला डबा त्यांना भरून परत करता आला नाही, आजारपण होतं घरात. "मी म्हटलं, रिकामा दे गं बाई. पण ती कशी देईल?"

12 एप्रिल, पवित्र आठवड्यातला बुधवार. त्या दिवशी मला ब्रेडवर उभं केलं होतं. हिरवी टोपी रांगेत दिसली. जेवण झाल्यावर मी माझं ताट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि उभाच राहिलो. त्यांनी या खेपेला खुर्ची सरकवली नाही. खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत नाणी होती, बहुतेक क्वार्टर, थोड्या डाइम. तीन डॉलर चाळीस सेंट.

"बाकीचे मे महिन्यात," ते म्हणाले.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी नाणी मोजली, त्यांच्यासमोरच, आणि खिशात घातली. मग त्यांनी पायाने खुर्ची सरकवली आणि विचारलं, त्या वाळवलेल्या केळ्यांतलं अजून काही उरलंय का.